कलम: रोपाचं, लेखणीचं आणि कायद्याचं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे", "तर", "ॲक्च्युअली" बरेचसे काढून टाकलेत. थोडे राहिले असतील, ते चालवून घ्या.

एक समजूत तुम्ही नक्की ऐकली असेल. मनी प्लांट विकत आणला तर रुसून बसतो, आणि शेजारच्या जिन्यातून गुपचूप तोडून आणला की असा फोफावतो की खिडकी दिसेनाशी होते. आता विज्ञान सांगतं की मनी प्लांटला तुमच्या चारित्र्याशी काही देणंघेणं नाही. तुकड्यावर एक पेर असलं, की बाटलीतल्या पाण्यातही तो मूळ धरतो. पण ही समजूत मला आवडते, कारण जगाच्या इतिहासातला एक मोठा भाग तिच्यात मावतो. दुसऱ्याच्या बागेतून बी आणायचं, फांदी आणायची, कधी मागून, कधी विकत, कधी खिशात लपवून. आणि मग ते रोप आपल्याकडे असं फोफावतं की मूळ बाग कुणाची होती हेच लोक विसरतात.

तुम्ही सकाळी प्यायलेली कॉफी, मलेरियावरचं जुनं औषध, कोकणातला हापूस, जेवणात तोंडी लावलेला ठेचा, या सगळ्यांच्या मागे असा कुणीतरी आहे. आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे. आणि ज्यांच्याकडून आणलं, त्यांच्याबद्दलही.

सुरुवात एका शब्दापासून करू. मराठीत "कलम" या शब्दाचे तीन अर्थ. एक, झाडाचं कलम. दोन, लेखणी. तीन, कायद्याचं कलम. अरबी-फारसीतून आलेला शब्द, तिन्ही कामं करतो. आजची गोष्ट याच तीन पायऱ्यांनी जाणार आहे. रोप कसं नेलं, नाव कुणाचं लिहिलं, आणि कायदा काय म्हणाला.

आधी बी आणि कलम यांतला फरक

ही टेक्निकल गोष्ट आहे, पण दोन मिनिटं द्या.

तुम्ही एक अप्रतिम हापूस खाल्ला आणि कोय कुंडीत लावली. काही वर्षांनी त्याला आंबा आलाच, तर तो हापूससारखा असेल याची काहीच खात्री नाही. कारण कोयीतलं झाड हे दोन झाडांचं मूल असतं. आईचे अर्धे गुण, बापाचे अर्धे, आणि बाप कोण हे मधमाश्यांना आणि माश्यांना विचारा. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत, बी म्हणजे दोन कोडबेसचा मर्ज. काय बाहेर पडेल ते रन केल्यावरच कळतं.

कलम म्हणजे मात्र सरळ कॉपी-पेस्ट. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधली, सांधा जुळला, की वरचं झाड तंतोतंत तेच. भेट कलम, कोय कलम, गुटी, दाब, डोळा भरणं, कोकणातल्या कुठल्याही रोपवाटिकेत ही नावं रोज ऐकू येतात. आज रत्नागिरीत, देवगडात जी हापूसची कलमं उभी आहेत, ती सगळी एका अर्थी एकाच जुन्या झाडाच्या फांद्या आहेत, फक्त हजारो वेगवेगळ्या मुळांवर उभ्या असलेल्या.

हापूस हे नाव पोर्तुगीज "अफोन्सो"वरून आलं. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात आंब्यावर कलमं बांधण्याचं काम जोरात झालं, त्यात जेझुइट पाद्र्यांचा मोठा वाटा. आंबा इथला, तंत्र त्यांनी रुजवलं, नाव त्यांचं, आणि आज अभिमान आपला. आणि जहाजं काही रिकामी आली नव्हती. काजू, अननस, पपई, बटाटा, मिरची, हे सगळं त्याच काळात अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आलं. काजू आणि बटाटा ही नावंसुद्धा पोर्तुगीजांकडून आली. मिरचीला मात्र आपण आपल्या मिऱ्यावरून नाव दिलं आणि ती जणू कायम इथलीच होती असं वागायला लागलो. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात "ते चोर, आपण साव" अशी सोपी विभागणी करता येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सात बिया

कर्नाटकात चिकमगळूरजवळ बाबा बुडनगिरी नावाची डोंगररांग आहे. तिथली दंतकथा अशी. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत हजला गेले. परत येताना येमेनमधून त्यांनी कॉफीच्या सात बिया अंगावर लपवून आणल्या आणि या डोंगरात लावल्या. लपवून का? कारण कॉफीचा व्यापार तेव्हा येमेनच्या मोखा बंदरातून चालायचा, आणि उगवू शकेल अशी बी बाहेर जाऊ नये याची काळजी घेतली जायची, असं सांगतात. सातचा आकडा श्रद्धेचा आहे, तो दंतकथेतच राहू दे. पण मलबारच्या बाजूला कॉफी होती, आणि तिथून ती पुढे गेली, हा इतिहास आहे.

कारण पुढच्या उड्या नोंदलेल्या आहेत. १६९० च्या दशकात डचांनी मलबारहून कॉफीची रोपं जावा बेटावर नेली. पहिली खेप पुरात गेली, १६९९ ची दुसरी लागली. १७०६ मध्ये जावाहून एक झाड ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचलं. तिथे काचेच्या घरात ते वाढलं, त्याला बिया आल्या. १७१४ मध्ये ॲमस्टरडॅमने त्यातलं एक झाड फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट दिलं. १७२० च्या दशकात गाब्रिएल द क्लिउ नावाचा नौदल अधिकारी पॅरिसच्या राजबागेतून एक रोप मिळवून कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे निघाला. जहाजावर पाणी संपत आलं तेव्हा आपल्या वाटणीचं पाणी त्याने रोपाला घातलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि १७२७ मध्ये फ्रेंच गियानातून कॉफी ब्राझीलला गेली. तिथल्या कथेत गव्हर्नरची बायको एका देखण्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला निरोपाच्या पुष्पगुच्छात लपवून कॉफीचं बियाणं देते. खरं-खोटं देव जाणे, पण ब्राझील आज जगातला सर्वांत मोठा कॉफी उत्पादक आहे हे खरं.

ही साखळी परत एकदा बघा. येमेन, मलबार, जावा, ॲमस्टरडॅम, पॅरिस, मार्टिनिक. प्रत्येक टप्प्यावर मूठभर बिया किंवा एखादंच झाड. आता इथे एक अडचण आहे जी त्या काळी कुणाच्या लक्षात आली नाही. अरेबिका कॉफी स्वतःच्याच परागांनी फळते. त्यामुळे एका झाडाची पोरं-नातवंडं जवळजवळ सारखीच निघतात. म्हणजे लाखो एकर मळे, आणि सगळ्यांचा आजा एकच.

याची किंमत श्रीलंकेने, तेव्हाच्या सिलोनने, मोजली. १८६९ मध्ये तिथे कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटी दिसायला लागली. तांबेरा. एका झाडाकडे त्याला तोंड द्यायची ताकद नव्हती म्हणजे कुणाकडेच नव्हती. पुढच्या वीसेक वर्षांत तिथला कॉफीचा धंदा बसला. मळेवाल्यांनी आधी सिंकोनाची झाडं लावली, मग चहा. आज आपण "सिलोन टी" म्हणतो, "सिलोन कॉफी" म्हणत नाही, त्याचं कारण ही नारिंगी भुकटी. आणि रोगाला टिकणारी नवी जात हवी म्हणून आजही संशोधक वळतात ते कॉफीच्या मूळ घराकडे, इथिओपियाच्या जंगलाकडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

काचेची पेटी

मधल्या काळात एक शोध लागला ज्याने हा सगळा खेळ बदलला, आणि तो लागला अपघाताने.

लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांना बागेचा नाद, पण कारखान्यांच्या धुरात त्यांचे नेचे जगेनात. १८२९ मध्ये त्यांनी एका बंद काचेच्या बरणीत ओल्या मातीत पतंगाचा कोष ठेवला होता. पतंगाचं काय व्हायचं ते होवो, पण त्या मातीत नेचा आणि गवत उगवलं, आणि पाणी न घालता टिकलं. दिवसा माती आणि पानांतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमायचं, थंड झालं की परत मातीत उतरायचं. आज इन्स्टाग्रामवर जो टेरारियम बघता, तोच हा.

१८३३ मध्ये वॉर्डनी अशा दोन पेट्या लंडनहून सिडनीला जहाजाने पाठवल्या. कित्येक महिन्यांचा प्रवास, खारं वारं, विषुववृत्तावरचं ऊन. रोपं जिवंत पोचली. परतीच्या फेरीत ऑस्ट्रेलियातली झाडं लंडनला जिवंत आली. त्याआधी डेकवर उघडी ठेवलेली बहुतेक रोपं समुद्रातच मरायची. आता कुठल्याही खंडातलं रोप कुठल्याही खंडात नेता येणार होतं.

ही पेटी म्हणजे त्या काळचा शिपिंग कंटेनर. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यून चिनी वेषात चीनच्या चहाच्या डोंगरात हिंडला आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी हजारो रोपं याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याला आली. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या, त्यातल्या जेमतेम २,७०० उगवल्या, आणि तेवढ्यावर आग्नेय आशियातले रबराचे मळे उभे राहिले. ब्राझीलची रबराची मक्तेदारी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोसळली. विकहॅमला पुढे "सर" ही पदवी मिळाली.

पण मला ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याला पदवी मिळाली नाही.

कोयनेलचं झाड

मलेरियाला आपल्याकडे हिवताप म्हणतात, आणि त्यावरच्या क्विनाईनला जुनी माणसं "कोयनेल" म्हणायची. तोंड वाकडं करणारं कडू. हे औषध सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून निघतं, आणि ते झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवरचं. सतराव्या शतकापासून युरोपात ही साल जात होती. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हंतू या दोघांनी सालीतून क्विनाईन वेगळं काढलं, आणि मागणी प्रचंड वाढली. ज्या साम्राज्यांना आफ्रिका आणि आशियात सैनिक जिवंत ठेवायचे होते, त्यांना हे झाड स्वतःच्या ताब्यात हवं होतं. उलट अँडीजमधल्या नव्या देशांसाठी साल हे मोठं उत्पन्न होतं, आणि पेरू, बोलिव्हिया बी-रोपं बाहेर जाऊ देईनात.

सुरुवातीच्या मोहिमा अर्ध्यामुर्ध्या गेल्या. डचांचा हासकार्ल १८५० च्या दशकात खोट्या नावाने हिंडून रोपं घेऊन गेला, पण जावात त्याच्यामुळे जी जात वाढली तिच्या सालीत क्विनाईन अगदी कमी निघालं. ब्रिटिशांच्या क्लेमेंट्स मार्कहॅमने १८६० मध्ये पेरूतून आणलेली बहुतेक रोपं प्रवासाच्या उन्हातच गेली. त्याच वर्षी रिचर्ड स्प्रूस याने इक्वेडोरमध्ये वेगळा मार्ग धरला. जंगलाच्या मालकांना पैसे मोजून त्याने बी आणि रोपं गोळा करायची परवानगी घेतली. सुमारे एक लाख बिया आणि सहाशेहून जास्त रोपं निघाली. यातूनच निलगिरीत, उटकमंडला सिंकोनाचे मळे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, इक्वेडोरने निर्यातबंदी केली. आपल्या बाजूला महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सिंकोना लावून पाहिला, पण तिथे जमलं नाही.

आता मानुएल इंक्रा मामानी. बोलिव्हियातला आदिवासी, सिंकोनाची साल काढण्यात मुरलेला माणूस. जंगलात सिंकोनाच्या कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात. कुठल्या झाडाची साल खरी कडू, कुठल्याची नुसती दिसायला सारखी, हे ओळखणं हीच खरी विद्या, आणि ती त्याच्याकडे होती. चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याकडे तो वर्षानुवर्षं काम करत होता. लेजरने त्याला उत्तम झाडांचं बी आणायला सांगितलं. मामानी जंगलात गेला आणि थांबला. कारण वर्षामागून वर्ष, चार वर्षं, पडलेल्या थंडीने फुलोराच जळून जात होता. शेवटी १८६५ मध्ये बी धरलं. शेकडो मैल चालत तो अँडीज ओलांडून आला आणि ते बी त्याने लेजरच्या हातात ठेवलं.

लेजरच्या भावाने ते लंडनला नेलं. ब्रिटिश सरकारने घेतलं नाही, क्यूचे संचालक विल्यम हूकर नुकतेच वारले होते. मग डच सरकारने साधारण अर्धा किलो बी विकत घेतलं, सुरुवातीला १०० फ्रँकला. उरलेलं बी भारतातल्या एका मळेवाल्याकडे गेलं.

डचांनी ते जावात लावलं. काही वर्षांनी सालीची चाचणी झाली आणि क्विनाईन निघालं ८ ते १३ टक्के. इतर जातींत दोन-तीन टक्के निघाले तरी लोक खूश व्हायचे. आणि इथे डचांचं श्रेय द्यायलाच हवं. सिंकोनाचं बी आंब्यासारखंच भेसळ होतं, म्हणून त्यांनी एकेका झाडाची साल रसायनशाळेत तपासली, उत्तम झाडं वेगळी काढली आणि त्यांच्या फांद्या दुसऱ्या, जास्त काटक जातीच्या खुंटावर बांधल्या. कलमं! १९३० च्या दशकात जगातलं ९० टक्क्यांहून जास्त क्विनाईन एकट्या जावातून येत होतं. अँडीजचा सालीचा व्यापार कधीच संपला होता.

मामानीचं काय झालं? तो पुन्हा बी आणायला गेला. १८७० च्या दशकात बोलिव्हियात कोरोइको इथल्या अधिकाऱ्याने त्याला पकडलं. हे बी कुणासाठी, असं विचारत त्याला तुरुंगात मारलं, उपाशी ठेवलं. त्याने नाव सांगितलं नाही. वीसेक दिवसांनी सोडलं तेव्हा त्याची जनावरं आणि सामान गेलेलं होतं, आणि थोड्याच दिवसांत तो मेला. हे आपल्याला लेजरच्या पत्रांमुळे कळतं. लेजरसुद्धा म्हातारपणी कफल्लक झाला. १८९७ मध्ये डच सरकारने त्याला वर्षाला १०० पौंड पेन्शन लावली. १९०५ मध्ये तो ऑस्ट्रेलियात वारला.

इथे मी अडतो, आणि तुम्हीही अडावं असं मला वाटतं. बोलिव्हियाची झाडं बोलिव्हियातच राहिली. कुणी उपटून नेली नाहीत. मूठभर बी गेलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर हेच म्हणतो की कॉपी केल्याने मूळ फाइल कमी होत नाही. आणि त्या बियांनी माणसं वाचवली. बंगालमध्ये १८९२ पासून पोस्ट ऑफिसात एका पैशाला क्विनाईनची पुडी मिळायला लागली. त्या पुडीने ताप उतरलेल्या माणसाला "हे रोप कसं आणलं" असं विचारायचं का? मी नाही विचारू शकत.

पण दुसरी बाजू पण बघा. झाड राहिलं, बाजार गेला. आणि ज्याच्या ओळखण्याच्या विद्येवर हे सगळं उभं राहिलं, त्याच्या वाट्याला तुरुंग आला. फाइल कमी झाली नाही हे खरं, पण ज्याने ती लिहिली त्याचं नाव हेडरमधून उडालं.

लेखणीचं कलम: नाव कुणाचं?

नाव खरंच उडालं. मामानीने आणलेल्या जातीचं शास्त्रीय नाव पडलं सिंकोना लेजरियाना. लेजरवरून. आणि "सिंकोना" तरी कुठून आलं? पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची बायको, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली अशी एक कथा होती. १७४२ मध्ये लिनियसने तिच्यावरून नाव ठेवलं, त्यात स्पेलिंगही चुकवलं. ती कथा खोटी होती हे नंतर सिद्ध झालं. म्हणजे झाड अँडीजचं, ओळखणारा अँडीजचा, आणि नावात एक इंग्रज आणि एक स्पॅनिश बाई जिला ते औषध मिळालंच नव्हतं.

तेव्हा अशीच पद्धत होती, असं म्हणून सोडता येईल का? नाही, कारण याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी आपल्याच किनाऱ्यावर वेगळं घडलं होतं. मलबारचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने "हॉर्टस मलबारिकस" नावाचा ग्रंथ काढला. १६७८ ते १६९३, बारा खंड, सातशेहून जास्त वनस्पती. माहिती कुणाची? इट्टी अच्युदन नावाचे केरळचे वैद्य, आणि कोचीनमधले तीन कोंकणी वैद्य, रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांनी काय काम केलं याची त्यांची स्वतःची निवेदनं पहिल्याच खंडात छापली आहेत. कोंकणी भाषेत, नागरी लिपीत! ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या लॅटिन ग्रंथात आपली अक्षरं.

व्हॅन ऱ्हीड काही संत नव्हता. व्यापारी कंपनीचा अधिकारी होता, औषधांवरचा खर्च वाचवणं हा त्यात हिशेब होता. तरी नावं लिहिली गेली. त्यामुळे साडेतीनशे वर्षांनी मला इथे ती चार नावं घेता येतात. मामानीचं नाव आपल्याला कळतं ते मात्र लेजरच्या पत्रांतून, जणू चुकून.

कायद्याचं कलम

१९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचं क्विनाईन एका फटक्यात बंद झालं. पॅसिफिकच्या जंगलांत सैनिक मलेरियाने आजारी पडत होते. पर्यायी कृत्रिम औषधं होती, पण अमेरिकेने त्याच वेळी वनस्पतिशास्त्रज्ञ कुठे पाठवले माहितीये? अँडीजमध्ये. कोलंबिया, इक्वेडोरच्या जंगलात, रानटी सिंकोनाची साल शोधायला. ज्या बागेला विसरलो होतो, तिच्याच दारात परत. कॉफीच्या तांबेऱ्याच्या वेळचा तो मुद्दा आठवा. मूळ बागेची गरज कधी ना कधी पुन्हा पडतेच.

हे जगाला कायद्यात लिहायला १९९२ उजाडलं. त्या वर्षी रिओमध्ये जैवविविधता करार मांडला गेला. तोपर्यंत वनस्पती म्हणजे अख्ख्या मानवजातीचा ठेवा, कुणीही न्यावा, असं मानायची रीत होती. कराराने सांगितलं की देशाचा आपल्या जैवसंपत्तीवर हक्क आहे, न्यायचं तर परवानगी घ्या आणि फायद्यात वाटा द्या. भारताने त्यासाठी २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला.

पण आपल्यासाठी जास्त जवळचा आहे २००१ चा पीक वाणांचे संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यातलं कलम ३९. नवं वाण तयार करणाऱ्या कंपनीला किंवा संशोधकाला हक्क देतानाच हे कलम म्हणतं की शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं जपून ठेवायचा, पुन्हा पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा, विकायचासुद्धा अधिकार आहे. हा कायदा येण्याआधी होता, तसाच. अट एकच, संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. म्हणजे आजी शेजारणीला दुधी भोपळ्याचं बी फडक्यात बांधून देते, ती गोष्ट संसदेने कायद्यात लिहून ठेवलीय.

याची परीक्षा २०१९ मध्ये झाली. वेफर्ससाठीच्या बटाट्याचं आपलं नोंदणीकृत वाण लावलं म्हणून पेप्सिकोने गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर खटले भरले, काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि काही आठवड्यांत कंपनीने खटले मागे घेतले. पुढे वाणाची नोंदणीच २०२१ मध्ये रद्द झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल देऊन तो रद्दचा आदेश बाजूला सारला. मजा बघा, बटाटाही अँडीजचाच. हजारो वर्षं तिथल्या शेतकऱ्यांनी निवडून निवडून तयार केलेला. त्यांना यात कुणी पक्षकार केलं नव्हतं.

दुप्पट परत

मग योग्य पद्धत कोणती? मला सगळ्यांत सोपं उत्तर अकोले तालुक्यात सापडतं. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेत न गेलेल्या, महादेव कोळी समाजातल्या. त्यांनी घरोघरच्या, पाड्यापाड्यांवरच्या देशी वाणांचं बियाणं गोळा केलं. वाल, भात, नागली, भाज्या. आपण आज ज्या विषयावर बोलतोय तोच उद्योग, दुसऱ्यांच्या परसातलं बी जमवणं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणतो.

त्यांच्या बीज बँकेतून शेतकरी बी घेऊन जातो ते एका बोलीवर. पीक आलं की घेतल्याच्या दुप्पट परत आणून द्यायचं. ओपन सोर्सवाल्यांनो, तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. घ्या, वापरा, बदला, पण परत द्या. आपली लायसन्सं पानंच्या पानं असतात, ही एका वाक्यात आटोपते.

आणि यात नुसता चांगुलपणा नाही, पक्का हिशेब आहे. एकाच घरात ठेवलेलं बी एका कीडीने, एका पुराने जातं. पन्नास घरांत असलं तर कुठेतरी राहतं. आम्ही त्याला बॅकअप म्हणतो. ज्या सिलोनच्या मळेवाल्यांकडे सगळं एकाच झाडाच्या वंशाचं होतं, त्यांच्याकडे नेमकं हेच नव्हतं.

आता आपल्या बाल्कनीपुरतं. रस्त्यावर ओघळलेली बोगनवेल तोडायची की नाही, यावर मी प्रवचन देणार नाही. पण आपल्या घरांमधली एक सवय तुम्ही पाहिली असेल. आई-मावश्या झाडांना नावं ठेवतात ती देणाऱ्याची. "ही शिंदेकाकूंची जास्वंद. तो सोलापूरचा मोगरा. ही नणंदेकडची गवती चहा." कुणी शिकवलं नाही, कुठल्या करारात लिहिलं नाही. काकूंची मूळ जास्वंद मेली, तर त्यांना माहीत असतं की फांदी कुणाकडे मागायची. मामानीच्या बियांचा हिशेब जगाला दीडशे वर्षांत नीट लावता आला नाही, आणि इथे कुंडीपाशी उभं राहून तो एका वाक्यात लागतो.

तर या आठवड्यात एक काम करा. घरातल्या एका तरी झाडाबद्दल विचारा, हे कुणाकडून आलं? उत्तर मिळालं तर कुंडीवर मार्करने लिहून ठेवा. आणि देणारं माणूस अजून असेल, तर त्यांना एक फोन करा, जमलं तर एक फांदी परत द्या.

पुढच्या भागात भेटू. तोवर पाणी घालत राहा, रोपांना आणि स्वतःलाही.